थडग्याचं वय म्हणजे चित्राचं वय नव्हे

प्रश्न असा आहे. कोल्हापुरातल्या एका ट्रेकिंग ग्रुपची मुलं-मुली दिवाळीच्या सुट्टीत हंपीला गेली होती. परत येताना ती गंगावतीजवळच्या हिरेबेणकलच्या टेकडीवर चढली. वरची दगडी थडगी पाहिली, वाटेवरच्या कातळाच्या आडोशाला लाल रंगातली चित्रं पाहिली. सोबतच्या वाटाड्यानं सांगितलं, "हे सगळं ३,००० वर्षांपूर्वीचं." घरी येऊन शोधलं तर कुठे १०,००० वर्षं लिहिलेलं, कुठे २,५००. आता तिथले काही फोटो पाठवून ते विचारतात: नक्की किती जुनी? थडग्यांचं वय माहीत आहे, तर चित्रांचंही तेच धरायचं ना? आणि एवढा गोंधळ आहे तर सरळ कार्बन डेटिंग का करत नाहीत?

गेली तीसेक वर्षं मी महापाषाणयुगीन, म्हणजे मोठमोठ्या शिळांची, थडगी आणि शैलचित्रं यांच्या नोंदी करत फिरतो आहे. हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतं आणि दरवर्षी तो तितकाच मोलाचा वाटतो, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी थोडक्यात. हिरेबेणकलची थडगी साधारण इ.स.पू. ८०० ते इ.स.पू. २०० या काळातली मानली जातात. चित्रांपैकी काही त्याच लोकांची असू शकतात, काही त्यांच्या आधीची, काही पुष्कळ नंतरची. कार्बन डेटिंगचं म्हणाल, तर तिथल्या लाल रंगात मोजण्याजोगा कार्बनच नाही.

आता मुळापासून. कोल्हापूरच्या शाळांची सहल एकदा तरी बदामी-ऐहोळेला जातेच, तेव्हा ऐहोळेचंच उदाहरण घेऊ. तिथल्या मेगुती टेकडीवर एक जैन मंदिर आहे. त्याच्या भिंतीत रविकीर्तीचा प्रसिद्ध शिलालेख आहे, दुसऱ्या पुलकेशीच्या काळातला, शके ५५६ चा, म्हणजे इ.स. ६३४-३५. त्याच टेकडीवर, मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, मोठमोठ्या शिळा उभ्या करून बांधलेली महापाषाणयुगीन थडगी आहेत. मंदिरावर तारीख कोरलेली आहे म्हणून कुणी त्या थडग्यांना इ.स. ६३४ ची म्हणत नाही. एकाच टेकडीवर दोन काळ शेजारी नांदतात, हे तिथे सगळ्यांना पटतं. मग हिरेबेणकलला थडग्याशेजारच्या चित्राला थडग्याचं वय आपण इतक्या सहज का चिकटवतो? कारण एवढंच की चित्रावर शिलालेख नाही, आणि ज्याला स्वतःची तारीख नाही त्याला आपण शेजाऱ्याची तारीख देऊन टाकतो.

आपल्या कोल्हापुरातही हेच पाहता येतं. टाउन हॉलच्या संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती आहे. ती ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली. सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी १९४५-४६ साली तिथे शास्त्रीय उत्खनन केलं आणि सातवाहन काळापासूनचे वस्तीचे थर उलगडले. ज्या मातीत मूर्ती निघते त्या मातीचं वय आपल्याला काय सांगतं? मूर्ती कधी गाडली गेली, एवढंच. ती कधी ओतली, कुठल्या बंदरातून आली, किती पिढ्या कुणाच्या घरात होती, हे त्या मातीला माहीत नसतं. कुणी तारीख सांगितली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: ही तारीख नेमकी कशाची? दगड खाणीतून काढल्याची, तो उभा केल्याची, त्यावर कोरल्याची, की त्यावर माती पडल्याची? या चार वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यामध्ये एक दिवसही असू शकतो, हजार वर्षंही.

शेजार अगदीच निरुपयोगी आहे असं मात्र नाही. चित्र थडग्याच्या किती 'आत' आहे यावर पुरावा बळकट होत जातो. दहा पावलांवरच्या कातळावरचं चित्र सगळ्यात दुबळा पुरावा. थडग्याच्या बाहेरच्या अंगावरचं त्याहून थोडं बरं, पण थडगं उघड्यावर असल्यामुळे तिथे कुणीही, केव्हाही कोरू शकतं. आतल्या दालनातलं आणखी बरं. सगळ्यात मोलाचं असतं ते बांधकामात कायमचं दडलेलं कोरीव काम, जे थडगं पुरं झाल्यावर कुणाला दिसूच शकत नव्हतं.

अशा दडलेल्या कोरीव कामाचं माझं आवडतं उदाहरण आयर्लंडमधलं आहे. न्यूग्रेंज नावाचं तिथलं भलंमोठं थडगं कोल्हापूरकरांना समजावून सांगायला सोपं जातं, कारण आपल्याकडे अंबाबाईचा किरणोत्सव आहे. आपल्याकडे मावळतीचे किरण महाद्वारातून येत येत देवीपर्यंत पोचतात. तिथे हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी उगवतीचा किरण दारावरच्या खास झरोक्यातून १९ मीटर लांबीच्या बोळातून आतल्या दालनात शिरतो. उत्खनन करणारे मायकेल ओकेली यांनी २१ डिसेंबर १९६७ ला तो पहिल्यांदा स्वतः आत बसून पाहिला. पण कालनिश्चितीच्या दृष्टीनं मला त्या किरणापेक्षा छताचं लिंपण जास्त मोलाचं वाटतं. छताच्या शिळांमधल्या फटींतून पाणी गळू नये म्हणून बांधणाऱ्यांनी त्यात भाजलेली माती भरली होती. त्या मातीतल्या कोळशाचं कार्बन मापन झालं आणि थडगं इ.स.पू. ३२०० च्या आसपासचं ठरलं. आणि काही शिळांच्या मागच्या आणि वरच्या बाजूंवर, जिथे मातीचा ढीग पडल्यावर कुणाची नजर जाणं शक्यच नव्हतं, तिथेही वर्तुळं आणि नागमोडी रेषा कोरलेल्या निघाल्या. ते कोरीव काम लिंपणाच्या आधीचंच असणार.

आधीचं, हे खरं. पण किती आधीचं? इथे दुसरी अडचण सुरू होते.

आपल्या जिल्ह्यात गावोगाव वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा, आहेत. कितीतरी देवळांत वीरगळ पायरीला लावलेला, ओट्यात बसवलेला किंवा कुंपणाच्या भिंतीत चिणलेला दिसतो. देऊळ गेल्या शतकातलं, वीरगळ शिलाहार-यादव काळातला. देवळाच्या वयावरून वीरगळाचं वय काढलं तर सात-आठशे वर्षांची चूक होईल. वीरगळाच्या बाबतीत आपण फसत नाही, कारण त्याची शैली ओळखीची असते, त्यावरचा योद्धा, शिवलिंग, चंद्रसूर्य आपल्याला वाचता येतात. प्रागैतिहासिक कोरीव कामात अशी ओळखीची खूण नसते, म्हणून तिथे फसगत होते. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात गावरिनिस नावाचं थडगं आहे. १९८० च्या दशकात त्याच्या छताच्या शिळेची वरची बाजू उघडी केली तेव्हा तिच्यावर एका जनावराचा अर्धवट आकार दिसला. उरलेला भाग सापडला काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या थडग्याच्या छतावर. म्हणजे कधीकाळी एक प्रचंड कोरीव शिळा उभी होती, ती मोडली किंवा मोडली गेली, आणि तिच्या तुकड्यांनी नंतरच्या लोकांनी आपल्या थडग्यांची छतं घातली. तिथलं चित्र थडग्यापेक्षा जुनं आहे, हे निव्वळ ते दोन तुकडे जुळल्यामुळे कळलं. न जुळणाऱ्या शिळा जगात किती असतील याचा विचार करा.

उलटी गंमतही आहे, चित्र थडग्यापेक्षा कितीतरी नवं असण्याची. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कने बेटांवर मेसहाउ नावाचं थडगं आहे, सुमारे ४,८०० वर्षांपूर्वीचं. इ.स. च्या १२व्या शतकात काही नॉर्स (स्कँडिनेव्हियाकडचे) लोक छत फोडून आत शिरले आणि भिंतींवर आपल्या रून लिपीत तीसेक लेख कोरून गेले, सोबत एक छानसा प्राणीही कोरला. लिपी वाचता येते म्हणून आपण निश्चिंत आहोत. पण कल्पना करा, त्यांना लिहिता येत नसतं आणि नुसता तो प्राणी कोरून ते गेले असते, तर? आपण त्याला बिनदिक्कत नवाश्मयुगीन म्हटलं असतं, आणि थडग्याच्या 'आत' असल्यामुळे त्यावर शंकाही घेतली नसती.

आपल्याकडची परिस्थिती याहून अवघड आहे, कारण इथे ही स्मारकं लोकांच्या वापरातून कधी सुटलीच नाहीत. एका गावाजवळ (नाव देत नाही, आधीच तिथे गुप्तधनाच्या आशेनं खणणारे येतात) थडग्याच्या शिळेवर पांढऱ्या रंगातल्या आकृत्या मी मोठ्या उत्साहानं कागदावर उतरवून घेत होतो. शेळ्या राखणाऱ्या एका आजींनी शांतपणे विचारलं, "हे कशाला लिहून घेतोस बाबा? आमच्या सासूबाई काढायच्या, सुगीनंतर." त्यांच्या घरात चुना भिजवून बोटानं ती माणसं, ते जनावर काढायची रीत होती. आपण नागपंचमीला भिंतीवर नाग काढतो, बेंदराला बैल काढतो, नव्या घराच्या दाराशी हळदीच्या हातांचे ठसे उठवतो, तसंच. त्या दिवसापासून पांढरं चित्र दिसलं की मी आधी गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांपाशी बसतो. तमिळनाडू-कर्नाटकाच्या पट्ट्यात थडग्यांच्या आत-बाहेर पांढरी चित्रं बऱ्याच ठिकाणी आहेत आणि त्यातली सगळी थडगं बांधणाऱ्यांचीच आहेत असं मला वाटत नाही.

कोरलेल्या खळग्यांचंही तेच. नागपूरजवळच्या जुनापाणीला तीनशेच्या आसपास शिलावर्तुळं (थडग्याभोवती गोलाकार रचलेले दगड) आहेत आणि त्यातल्या काही दगडांवर वाटीसारखे खळगे ओळीनं कोरलेले आहेत. १९व्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्यानं त्यांची नोंद केली आणि युरोपातल्या तशाच खळग्यांशी तुलना केली. पुढे १९६० च्या दशकात बा. कृ. थापर यांनी तिथे पुन्हा उत्खनन केलं. वर्तुळाचा काळ लोहयुगाचा. खळग्यांचा? शिळा रचण्याआधी कोरले, रचताना कोरले, की शे-दोनशे वर्षांनी कुणी श्राद्धासारखा काही विधी करताना? याचं उत्तर द्यायचा एक साधा आणि भरवशाचा मार्ग आहे: दगडाच्या मातीत गाडलेल्या भागावरही खळगे आहेत का, हे उत्खननात पाहायचं. असतील तर ते दगड रोवण्याआधीचे. फक्त उघड्या भागावरच असतील, तर प्रश्न उघडाच राहतो. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. कुदळ, ब्रश आणि धीर लागतो.

आणखी एक सावधगिरी. खळगा दिसला की तो प्राचीन, असं नसतं. त्यात कांडण्याचं उखळ असतं, गुराख्यांच्या खेळाचा पट असतो, आणि वडारांनी शिळा फोडण्यासाठी पाचर ठोकायला पाडलेल्या भोकांची ओळ तर नवख्या माणसाला हमखास फसवते. पाचरेची भोकं एका सरळ रेषेत, समान अंतरावर आणि खोल असतात. वाटीचे खळगे उथळ आणि घासून गुळगुळीत झालेले असतात. मी नोंदी करायला शिकलो तो अर्धा पुस्तकांतून आणि अर्धा एका पाथरवटाकडून. टाकी कुठल्या कोनात बसली, लोखंडाची होती की दगडाची, हे तो बोट फिरवून सांगायचा. लोखंडी टाकीचा घाव टोकदार आणि एकसारखा असतो, दगडानं ठेचलेला घाव बोथट आणि पसरट. थडगी लोहयुगातली असल्यामुळे हा फरक आपल्याकडे फारच उपयोगाचा ठरतो.

आता कार्बन डेटिंगकडे वळतो, कारण सगळ्यांचा भरवसा तिथेच असतो. जिवंत झाड किंवा प्राणी हवेतून, अन्नातून कार्बन घेतो, त्यात थोडा किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. मेल्यावर नवा येणं थांबतं आणि असलेला ५,७३० वर्षांत निम्मा होतो. किती उरला ते मोजायचं. साधारण ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याइतका उरतच नाही. म्हणजे मोजायला एकेकाळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं. लाल चित्रांचा रंग म्हणजे गेरू, लोहाचं ऑक्साइड, निव्वळ खनिज. रंग घट्ट व्हावा म्हणून कुणी त्यात चरबी, डिंक किंवा रक्त घातलं असेल, तर ते आपल्या पावसापाण्यात आणि जिवाणूंच्या तोंडी टिकणं कठीण. काळी चित्रं कोळशाची असतील तर आशा असते. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात आणि पोर्तुगालच्या उत्तरेला काही थडग्यांच्या आतल्या काळ्या रंगाचं असं थेट मापन झालेलं आहे. बंद दालन, कोळशाचा रंग, वर मातीचा ढीग, असा योग तिथे जुळून आला. हिरेबेणकलचे उघडे कातळ आणि गेरू यात तो जुळत नाही.

कोळसा मिळाला तरी तारीख कशाची, हा प्रश्न सुटत नाही. कोळशाचं वय म्हणजे झाड मेल्याचं वय. जुन्या वाळक्या खोडाचा कोळसा कुणी हातात घेतला, किंवा कोरड्या गुहेत पडलेला शेकडो वर्षांचा कोळसा उचलून त्यानं रेघ ओढली, तर मापन अचूक येईल आणि निष्कर्ष चुकेल. उलट, धनगरांनी आडोशाला पेटवलेल्या शेकोटीची काजळी चित्रावर बसली असेल तर जुनं चित्र नवं दिसेल.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट, जी लोकांसाठीच्या लेखांत सहसा येत नाही. हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं, म्हणून प्रयोगशाळेचा कच्चा आकडा झाडांच्या वर्षवलयांशी ताडून घ्यावा लागतो. त्या ताडून घेण्याच्या वक्ररेषेत इ.स.पू. ८०० ते इ.स.पू. ४०० हा टप्पा जवळजवळ सपाट आहे. त्या चारशे वर्षांतलं कुठलंही लाकूड मोजलं तरी कच्चा आकडा साधारण तोच येतो. आणि विदर्भातली आणि दख्खनमधली बरीचशी महापाषाणयुगीन थडगी नेमकी याच काळात येतात! म्हणजे ज्या थडग्याच्या आधारे आपण चित्राचं वय ठरवू पाहतो, त्या थडग्याचीच तारीख कित्येकदा चारशे वर्षांच्या रुंदीची असते. कुणी "इ.स.पू. ६५०" असा टोकदार आकडा दिला की मी म्हणूनच थबकतो. शिवाय हे आकडे 'आजपासून इतकी वर्षं' असे दिलेले असतात आणि त्यातला 'आज' म्हणजे १९५०. वर्तमानपत्रांत हा 'आज' आणि इ.स.पू. यांची सरमिसळ होते आणि एकाच थडग्याला दोन हजार वर्षांचा फरक पडतो. तुम्हाला वेगवेगळे आकडे मिळाले, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

दुसरी पद्धत युरेनियम-थोरियमची. चुनखडीच्या गुहांत चित्रावर पाणी झिरपून चुन्याचा पापुद्रा चढतो. पापुद्रा बनताना त्यात युरेनियम असतं, थोरियम जवळजवळ नसतं. पुढे युरेनियमचं थोरियम होत जातं. पापुद्र्याचं वय कळलं की चित्र त्याहून जुनं, इतकं पक्कं सांगता येतं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका चित्राला याच तत्त्वावर किमान ५१,२०० वर्षं मिळाली आहेत, ती २०२४ साली प्रसिद्ध झाली. पण पापुद्र्यातून युरेनियम धुऊन गेलं तर वय फुगतं. स्पेनमधल्या तीन गुहांतल्या खुणांना २०१८ साली ६४,००० वर्षांहून जास्त वय दिलं गेलं, म्हणजे त्या निअँडरथल माणसांनी काढल्या असा अर्थ निघाला, आणि यावरूनच जोरदार वाद झाला. आपल्यासाठी मुद्दा असा की हिरेबेणकलचा दगड ग्रॅनाइट, कोल्हापूरचा काळा पाषाण, कोकणातल्या सड्याचा, म्हणजे उघड्या कातळी पठाराचा, जांभा. यांवर चुन्याचा तसा पापुद्रा सहसा मिळतच नाही.

राहिला दगडाचा रंग. जात्याला किंवा पाट्याला टाकी लावली की ताजे घाव पांढुरके दिसतात आणि हळूहळू काळवंडतात, हे आपल्या आजीनंही पाहिलेलं असतं. कातळावरच्या कोरीव कामाचंही तसंच: जास्त काळवंडलेलं ते जुनं. एकाच दगडावरच्या दोन आकृत्यांची तुलना करायला हे ठीक आहे. पण काळवंडण्याचा वेग ऊन, पाऊस, वारा, दगडाची जात यांवर ठरतो. एकट्या आपल्या जिल्ह्यात गगनबावड्याला शिरोळच्या कित्येक पट पाऊस पडतो. तिकडचा वेग इकडे लावता येणार नाही, मग परदेशातला वेग इथे कसा लावायचा? दगडफुलाचंही तेच. आपल्या मसाल्यात घालतो ते दगडफूल, त्याच्या जातीचे इतर थरही, फार सावकाश वाढतात, आणि थंड प्रदेशात त्यांच्या व्यासावरून दगड किती वर्षं उघडा आहे याचा अंदाज बांधतात. आपल्या पावसात त्याची वाढ इतकी बेभरवशाची असते की मी त्यावर कधी विसंबलो नाही.

थेट मापनावर अंध विश्वास ठेवला की काय होतं, याचं उदाहरण पोर्तुगालच्या कोआ नदीच्या खोऱ्यात घडलं. तिथे धरण बांधताना हजारो वर्षांपूर्वीची कोरलेली जनावरं उजेडात आली. ती वाचवायची तर त्यांचं वय सिद्ध करायला हवं होतं. १९९५ च्या सुमाराला काही तज्ज्ञांनी दगडाच्या पृष्ठभागावर मापनं करून सांगितलं की हे काम फारसं जुनं नाही. शैलीचे जाणकार म्हणत होते की हे हिमयुगातलंच आहे. धरण अखेर थांबलं. मग १९९९ मध्ये फारिझेऊ या ठिकाणी नदीकाठी खणताना एक कोरीव कातळ सापडला, ज्याचा काही भाग हिमयुगातल्या वस्तीच्या अखंड थरांखाली गाडलेला होता. थर हलले नव्हते, आत त्या काळाची दगडी हत्यारं होती. वाद तिथे मिटला, तोही साध्या मातीनं मिटवला. मी विद्यार्थ्यांना सांगतो, चित्राच्या पायथ्याची माती कुणी उगाच उकरू नका. चित्राचं वय बहुतेक वेळा त्या मातीतच असतं.

पण शैलीच्या जाणकारांनाही डोक्यावर घेऊ नये. डिसेंबर १९९४ मध्ये फ्रान्समध्ये शोव्हे गुहा सापडली, तेव्हा तिथले सिंह आणि गेंडे इतके सफाईदार होते की शैलीच्या हिशेबानं ते उशिराचे असायला हवे होते. कोळशाच्या मापनात वय ३०,००० वर्षांच्या पलीकडे गेलं. 'आधी ओबडधोबड, नंतर सुबक' हा आपला आवडता समज तिथे कोसळला. लाल चित्र ओबडधोबड आहे म्हणून जुनं, असं हिरेबेणकलला कुणी सांगितलं तर हे आठवा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत घोडेस्वार दिसतो. त्याचा उपयोग होतो. विदर्भातल्या महुरझरीला शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात थडग्यांमध्ये घोड्याचे अवशेष आणि त्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे दागिने मिळाले. दख्खनमध्ये घोडा लोहयुगाच्या सुमाराला ठळकपणे दिसू लागतो. तेव्हा ते घोडेस्वाराचं चित्र १०,००० वर्षांपूर्वीचं असणार नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन. त्याहून नवं किती? इथे मात्र जिभेला आवर घालतो. तुम्ही आदल्याच दिवशी जिथे फिरलात ते हंपी शेजारीच आहे. विजयनगरच्या काळात त्या मुलखात घोडेस्वार काढायला कुणालाही निमित्त पुरेसं होतं. म्हणजे ते चित्र जास्तीत जास्त किती जुनं असेल ते कळलं, कमीत कमी किती जुनं ते मोकळंच राहिलं. कोकणातल्या कातळशिल्पांत गेंडा आहे म्हणून ती १०,००० वर्षांची, असं म्हणतात तेव्हाही मी हीच तपासणी करतो. गेंडा आज कोकणात नाही, हे खरं. पण तो पश्चिम भारतात कधीपर्यंत होता? सांकलियांना गुजरातेत लांघणजला मध्याश्मयुगीन थरात गेंड्याचं हाड मिळालं होतं, आणि १६व्या शतकात बाबर पेशावरच्या बाजूला गेंड्यांची शिकार करत होता. गेंड्याचं चित्र बलवान सूचना आहे, तारीख नव्हे. कोकणातल्या कशेळी गावच्या सड्यावर कोरलेला १८ मीटर लांबीचा हत्ती आणि बाकीची शिल्पं फार जुनी असावीत असं माझंही मन सांगतं. शेतीची, चाकाची, नांगराची चित्रं त्यांत नाहीत, ही गोष्ट मला गेंड्यापेक्षा जास्त बोलकी वाटते. तरी उघड्या सड्यावर वर माती नाही, खाली माती नाही, त्यामुळे कोआसारखा पुरावा तिथे सहज मिळणार नाही. आसपासच्या गुहांतून आणि सड्याच्या खोलगट भागांतून तो शोधावा लागेल.

एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या ग्रुपच्या हातून होऊ नये असं मनापासून वाटतं. तरुणपणी आम्ही चित्रांवर पाणी शिंपडून फोटो काढायचो. ओलं झालं की गेरू उजळतो, फोटो झकास येतो. खळगे उठून दिसावेत म्हणून खडूनं भरायचो. कित्येक वर्षांनी त्यातल्या एका ठिकाणी मी पुन्हा गेलो तेव्हा चित्रावर पांढरट क्षार चढलेले होते. तो थर आमच्या पाण्यानंच चढला असं सिद्ध करता येणार नाही, पण आता त्याचं मापन करून काही उपयोग नाही, हे नक्की, कारण त्यात काय काय मिसळलं आहे ते कुणालाच माहीत नाही. आज त्याची गरजही नाही. साध्या फोटोतले रंग ताणून पुसट गेरू वर आणणारं डी-स्ट्रेच नावाचं सॉफ्टवेअर आहे, आणि खळग्यांसाठी संध्याकाळचं तिरपं ऊन किंवा बाजूनं धरलेली बॅटरी पुरते.

तुमच्या चौथ्या फोटोत, घोडेस्वाराच्या मागच्या पायाशी, एक दुसरी आकृती अर्धी झाकलेली दिसते, बहुधा हरणाची, आणि तिचा लाल जास्त जांभळट आहे. घोडा हरणावर काढला आहे की हरीण घोड्यावर, हे या फोटोत कळत नाही. घोडा वर असेल तर हरीण त्याच्याआधीचं, आणि मग थडगी बांधणाऱ्यांच्याही आधी तिथे कुणीतरी हात उमटवले होते का, हा प्रश्न नीट विचारता येईल. मूळ फोटो, व्हॉट्सअॅपनं दाबून लहान केलेला नव्हे, तेवढा पाठवा. पुन्हा जाणार असाल तर शेजारी पट्टी धरून, हात न लावता, त्या जागेचा जवळून एक घ्या, आणि पायथ्याशी माती आहे की नुसता कातळ, तेही बघून या.